गुणवत्ता पारितोषिके व महाविद्यालयीन प्रवेश

शालेय परीक्षांतील विशेष यशाबद्दल मिळणारी पदके, शिष्यवृत्त्या व गुणवत्ता यादीतील स्थान यांचा महाविद्यालयीन प्रवेशाशी असलेला संबंध. महाराष्ट्रात हा संबंध लोकसमजुतीइतका निकट क्वचितच होता.

मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृत विषयातील प्रावीण्यासाठी देण्यात येणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती विशेष प्रतिष्ठेची मानली जाई. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिल्या क्रमांकासह ती मिळविली. त्या काळी मॅट्रिक उत्तीर्ण होणे हेच महाविद्यालयाचे द्वार होते. शिष्यवृत्तीने लाभे तो लौकिक आणि शिक्षणखर्चास आधार.

राज्य परीक्षा मंडळाच्या स्थापनेनंतर (१९६६) गुणवत्ता यादीस मोठे वलय प्राप्त झाले. यादीतील विद्यार्थ्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकत व गावोगावी सत्कार होत. तथापि क्रमांक हे गुणांचेच दुसरे रूप असल्याने प्रवेशाच्या वेळी त्याला वेगळे मोल नसे. पुढे ही यादी बंद झाली.

प्रवेशावर खरा प्रभाव नियमांचा पडे. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी हे विशेष जाणवते. जिल्ह्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले ते १९८९ मध्ये. अशा महाविद्यालयांतील राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी व ३० टक्के सर्व राज्यासाठी, ही पद्धत २०२० मध्ये रद्द होईपर्यंत दिग्रसच्या विद्यार्थ्याने बारावी विदर्भातून उत्तीर्ण केली होती ही गोष्ट गणनेत धरली जाई. त्याची पदके मात्र नव्हेत. राज्यातील या जागांसाठीही २०१७ पासून राष्ट्रीय प्रवेश परीक्षा लागू झाल्यावर बारावीचे गुणसुद्धा किमान पात्रतेपुरते उरले. खुल्या प्रवर्गास भौतिकी, रसायन व जीवशास्त्र यांत ५० टक्के पुरेसे ठरतात.

याला ठळक अपवाद किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेचा (१९९९). बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा या योजनेतील निवड हा प्रवेशाचा एक मार्ग ठरला. २०२२ मध्ये योजनाच थांबविण्यात आली.

बहुतेक पारितोषिकांचे कार्य प्रवेशानंतर सुरू होते. राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती दहावीत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस अकरावी-बारावीत दरमहा ३०० रुपये, वर्षातील दहा महिने, देते. ती प्रवेश मिळवून देत नाही. घरापासून दूर खोली घेऊन शिकणाऱ्याचा जेमतेम काही दिवसांचा जेवणखर्च तिच्यातून भागतो.