बोट लागली

आमच्या रत्नागिरीत 'बोट लागली' या दोन शब्दांचे दोन अर्थ होत. बंदरात बोट आली, की लोक म्हणत, बोट लागली. आणि बोटीत बसल्यावर पोटात ढवळून आलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, तरी बोटच लागली. आनंदालाही तेच शब्द आणि मळमळीलाही तेच. लहानपणी मला याची मोठी गंमत वाटायची. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, कोकणच्या जुन्या दिवसांबद्दल जे काही सांगायचं, ते या दोन शब्दांत आधीच सांगून झालं आहे.

आमच्या वयाची चार माणसं मुंबईत एकत्र जमली, की बोलणं फिरून फिरून गावावर येतं. ते बंदर, तो भोंगा, सुरंगीचे वळेसर, चुलीवरच्या तांदळाच्या भाकऱ्या, ईदची सांदणं, शिमग्याच्या पालख्या. 'काय ते दिवस होते!' असं म्हणून प्रत्येक जण एक उसासा टाकतो. मीही टाकतो. मात्र हे उसासे टाकणारे बहुतेक जण गाव सोडून गेलेले असतात, आणि बहुतेक पुरुष असतात. जे मागे राहिले, विशेषतः ज्या बाया मागे राहिल्या, त्यांना कोणी विचारलं होतं का, की बाई, तुझे ते दिवस कसे होते?

आधी बोटींची गोष्ट सांगतो. कोकणात पूर्वी रस्ता म्हणजे समुद्रच. पाठीशी सह्याद्री, आणि किनाऱ्याने चालायचं म्हटलं तर दर काही कोसांवर एक खाडी आडवी. प्रत्येक खाडीला तर शोधायची, तरवाल्याला हाका मारायच्या. त्यापेक्षा गलबतात बसलेलं बरं. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि मुंबई एकदम जवळ आली. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, गोदी वाढली, तिथे हात हवे होते. आमच्याकडे हात होते, पण त्या हातांना पुरेल एवढी जमीन नव्हती. डोंगरउतारावरची तांबडी माती. तिच्यात वरी-नाचणी पिके, भात जेमतेम काही महिन्यांचं. माणसं बोटीत बसली ती अशी.

या बोटी चालवणाऱ्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला लोक 'शेफर्ड कंपनी' म्हणत. स्वदेशीच्या वाऱ्यात तिच्याशी टक्कर द्यायला देशी माणसांची एक कंपनी निघाली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. लोकांनी तिला सरळ 'माझी आगबोट कंपनी' करून टाकलं. तिच्या बोटींची नावं 'तुकाराम', 'रामदास' अशी. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं माझ्या दादीला पाढ्यासारखी पाठ होती. गंमत म्हणजे दादी जन्मात कधी बोटीत बसली नाही. तिचे वडील, नवरा आणि दोन मुलगे मात्र बोटीनेच गेले.

माझ्या लहानपणी या बोटींचे अखेरचे दिवस होते. आम्ही राजिवड्याची पोरं. भाट्याच्या खाडीचा खारा वास आमच्या अंगालाच असायचा. बोट येणार असली, की आम्ही बंदरावर हजर. आपलं कोणी येणार असो वा नसो. बोट खोल पाण्यात उभी राही, किनाऱ्यावरून पडाव निघत. हेलकावणाऱ्या पडावात माणसं वरून उतरत. आधी ट्रंक, मग वळकटी, मग पोर, मग बाई आणि शेवटी कपाळावरचा घाम पुसत चाकरमानी. मुंबईहून खजूर, खारी, साबणाच्या वड्या, छत्र्या आणि कापड येई. इथून आमसुलं, कुळथाचं पीठ, सोडे, सुके बोंबील आणि मोसमात आंब्यांच्या पेट्या जात. बत्तीच्या उजेडात हमालांची धावपळ, एकमेकांना हाका. त्या गर्दीत हिंदू कोण, मुसलमान कोण, हे फक्त हाकांवरून कळायचं. 'दादानू' अशी हाक आली की एक, 'चाचा' अशी आली की दुसरा. बोट लागलेली मात्र दोघांनाही सारखीच असे.

हा झाला गोड भाग. पण या समुद्राने घेतलंही पुष्कळ. नोव्हेंबर १९२७ मध्ये वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं असताना, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. 'रामदास'चं नाव निघालं, की दादी हातातलं काम थांबवून गप्प बसे. आमचं कोणी तीत नव्हतं. तरी ती गप्प बसे, कारण ज्या घरचं माणूस पाण्यावर आहे, त्या घराला प्रत्येक बोट आपलीच असते.

आमच्या गावाने वाट पाहणारा एक राजाही पाहिला आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला समुद्रमार्गे रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे टेकडीवर त्याच्यासाठी राजवाडा बांधला. आज आपण तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. तीस वर्षं तो परतीच्या बोटीची वाट पाहत राहिला. त्याचं दुःख इतिहासात नोंदलं गेलं, कारण तो राजा होता. त्याच टेकडीखालच्या वाड्या-मोहल्ल्यांतून शेकडो बाया तशीच वाट पाहत होत्या. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

नोंद म्हणाल तर होती, पोस्टात. १८८० पासून टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि आमचा जिल्हा मनिऑर्डरवर जगू लागला. पोस्टमन उंबऱ्यावर बसे, बाई पदराला हात पुसून अंगठा उठवी, तो नोटा मोजून देई. फॉर्मच्या खाली एक छोटं कुपन असे. त्यावर धन्याने दोन ओळी खरडलेल्या असत. 'पैसे मिळाल्याचे कळव. छपराचे बघ.' पोस्टमनच त्या वाचून दाखवी. म्हणजे नवरा-बायकोत जे काही बोलणं व्हायचं, तेही पोस्टमनच्या तोंडून.

आणि 'छपराचे बघ' हे लिहायला सोपं होतं. मे महिन्यात आगोट भरायची म्हणजे चार महिन्यांचं तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा घरात यायला हवा. कौलं चाळून घ्यायची. पाऊस लागला की बोटी बंद. मग मुंबई पुन्हा लांब जाई. लावणीला चिखलात बायाच, रात्री पोराला ताप आला तर त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याची वाट धरणाऱ्याही बायाच. सासऱ्याचं दुखणं, जमिनीचा वाद, मुलीचं स्थळ, सगळं त्यांनीच निभावलं. घरावर नाव मात्र धन्याचं.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आमच्या मोहल्ल्यातली माणसं मुंबईच्याही पुढे, कुवेत, दुबई, सौदीला जाऊ लागली. आता एअर-मेलची निळी पत्रं येऊ लागली. कोणी उर्दूत लिही, कोणी मराठीत. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकत होतो, अक्षर बरं होतं, म्हणून दहाव्या वर्षीच मराठी पत्रांचा वाचक झालो, आणि लेखकही. 'बाद सलाम, पत्रास कारण की' अशी आमच्या पत्रांची सुरुवात असे. सलामही आणि पत्रास कारणही. पुढे मजकूर ठरलेला. 'घरची सर्व खुशाल आहेत.' लिहून घेणारीच्या मांडीवरचं पोर तापाने फणफणत असलं, तरी खुशालच. 'त्याला तिकडे घोर नको,' ती म्हणे. मी पुढे कविता लिहू लागलो. पण खरं लपवून सुंदर वाक्य कसं करायचं, याचा पहिला धडा मला या पत्रांनी दिला. तो विसरायला फार वर्षं लागली.

शेजारी एक चाची होत्या. त्यांचे यजमान कुवेतला. एकदा श्रावणातल्या पावसात त्यांचं पत्र आलं. चाची सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या, तिन्ही पोरं भोवती. 'काय लिवलान रे?' त्यांनी विचारलं. मी वाचू लागलो. मधेच एक ओळ आली, की बकरी ईदला येणं होत नाही, कामाची मुदत दोन वर्षं वाढली आहे. मी मान वर केली. धाकटी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ती ओळ गाळली आणि पुढची वाचली.

नंतरचे दोन महिने माझे फार वाईट गेले. पाऊस सरला, बोटी सुरू झाल्या. चाचींनी भिंतींना चुना काढला, पोरांना कापड घेतलं. बोट आली की ती तिघं बंदरावर धावत. ईद आली, गेली. कोणी आलं नाही. चाची मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.

पुढे घरोघर टेपरेकॉर्डर आले. माणसं कॅसेटमध्ये बोलून पाठवू लागली आणि माझी गरज संपली. मी बी. ए. झालो, तेव्हा पेढे द्यायला चाचींकडे गेलो. त्या हसून म्हणाल्या, 'बीए झालास. आता तरी पुरतं वाचतोस ना?'

मी गारठलो. 'चाची, तुम्हाला माहीत होतं?'

'मला अक्षर येत नाय, मोजता येतं. तू गेल्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या. तू वाचलास त्यापेक्षा जास्ती होत्या.'

'मग दुसऱ्याकडून का नाही वाचून घेतलंत?'

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'पोरांना दोन महिने बाप येणार होता. ते कशाला मोडू?'

म्हणजे दोन महिने मी एकटाच ते ओझं वाहत नव्हतो. त्या चुना काढत होत्या तेव्हाही त्यांना कळलेलं होतं.

आज काळ बदलला. रस्ता सुधारला, एस. टी. वाढली, प्रवासी बोटी कमी होत होत थांबल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. जून २०२३ पासून वंदे भारतही रत्नागिरीला थांबते. पत्रं गेली, आणि जुलै २०१३ मध्ये तारही बंद झाली. आता चेहरा रोज मोबाइलवर दिसतो. माणसं मात्र अजून जातच आहेत. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. २०११ च्याच जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. या आकड्याचं कौतुक करणारी भाषणं मी ऐकली आहेत. कौतुक जरूर करावं, पण बोटीतून गेलेली माणसंही त्या आकड्यात आहेत, गैरहजर म्हणून.

तेव्हा जुन्या दिवसांच्या आठवणी जरूर काढाव्यात. भोंगा आठवावा, सांदणं आठवावीत. मीही आठवतो, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण आठवणी सांगताना आपण सगळेच थोडेफार त्या दहा वर्षांच्या पोरासारखे वागतो. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून एखादी ओळ गाळतो. चाची आता हयात नाहीत. त्यांच्या पोरांची पोरं दूरदेशी आहेत. रेडिओवरचा आवाज कुठवर पोचतो, सांगता येत नाही, म्हणून राहिलेली ती ओळ आज वाचून टाकतो :

'बकरी ईदला येणं होत नाही. कामाची मुदत दोन वर्षं वाढली आहे. घर सांभाळ.'

त्यांनी सांभाळलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)