वर्तनविकार, बालकांचे : उपचारांचा इतिहास

वयाला न शोभणारा व दीर्घकाळ टिकणारा आज्ञाभंग, संताप, मारामारी, चोरी, शाळा बुडविणे इ. प्रकारांचा समावेश बालकांच्या वर्तनविकारांत होतो. विरोधी-अवज्ञा विकार व आचरण विकार हे त्यांचे दोन मुख्य प्रकार होत. एखाद-दुसऱ्या खोडीवरून निदान करीत नाहीत. पहिल्या प्रकारात किमान सहा महिने व दुसऱ्यात सुमारे वर्षभर तसे वर्तन आढळावे लागते.

एकोणिसाव्या शतकात अशी मुले रोगी न मानता अपराधी मानली जात. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. तीत शिस्त व हस्तव्यवसायाचे शिक्षण यांवर भर होता. काही समाजांच्या बाबतीत तर दोष जन्मजातच समजला गेला. पुणे जिल्ह्याच्या शिरूर व दौंड तालुक्यांत वस्ती असलेल्या पारधी समाजाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९११ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांना आईबापांपासून काढून सुधारशाळांत ठेवण्याची तरतूद होती. हा कायदा देशभर १९५२ मध्ये रद्द झाला. मात्र त्याने लावलेला कलंक पुढेही टिकून राहिला. आज तज्ज्ञ मुलाच्या वर्तनाचा विचार करताना त्याची जात न पाहता परिस्थिती पाहतात.

दृष्टिकोनातील पालट १९३७ मध्ये स्पष्ट दिसतो. त्या वर्षी मुंबईतील सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिनमुळे काही मुलांचे वर्तन व अभ्यास सुधारल्याचे नोंदविले. मिथिलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये तयार झाले व पुढे अतिचंचलतेवर रूढ झाले. १९६० नंतर जेरल्ड पॅटरसन यांनी पालकांना प्रशिक्षण देण्याची पद्धती विकसित केली. मुलाचा हट्ट व पालकांची चिडचीड परस्परांना बळ देतात, हे तिचे मूलतत्त्व होय.

या पद्धतीत चांगल्या वागणुकीची तत्काळ दखल घेणे, नियम थोडे पण निश्चित ठेवणे आणि मारहाण टाळणे हे पालकांना शिकवितात. मोठ्या मुलांना राग आवरण्याचे व प्रश्न सोडविण्याचे शिक्षण देतात. औषधांचे स्थान दुय्यम असते. अवज्ञा घालविणारे असे औषध नाही. अतिचंचलता जोडीला असल्यास मिथिलफेनिडेट आणि तीव्र आक्रमकतेत काही काळ रिस्पेरिडोन देतात. दुसऱ्याने वजन वाढते. म्हणून दोन्ही औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात.

ग्रामीण भागात अडचण निराळी आहे. शिरूर व दौंड हे पुणे शहरापासून दूरचे तालुके असून तेथे ऊसतोडणी व वीटभट्ट्यांसाठी हंगामी स्थलांतर होते. पालकांचे प्रशिक्षण कित्येक आठवडे चालते. कुटुंब हलले की ते खंडित होते व मूल शाळेबाहेर पडते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम (१९९६) आणि पालघर येथे २०१३ मध्ये प्रारंभ झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम यांमुळे अंगणवाडी व शाळेतच तपासणीची सोय झाली. तथापि उपचारांचे यश तपासणीनंतरच्या सातत्यावर अवलंबून असते. ते न लाभल्यास विकारग्रस्त मुलावर पुन्हा ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसतो आणि जुन्या सुधारशाळांमागील समजूतच नव्या रूपाने टिकून राहते.