भाकरीचे घर



मागच्या नाताळात नातवाचा परदेशातून फोन आला. "आजोबा, आमच्या पुस्तकात येशू ब्रेड वाटतो आणि मराठी बायबलात भाकर. खरे काय?" जन्मभर मराठी शिकवले, पण लगेच उत्तर देता आले नाही. मग थोडे वाचन केले.

येशूच्या काळी पॅलेस्टाइनमधली भाकर गोल, चपटी आणि हाताने मोडायची असे, सुरीने कापायचा पाव नव्हे. गव्हाची भाकर सुखवस्तूंची, जवाची गरिबांची. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट आहे. त्यात एका मुलाजवळच्या पाच भाकरी जवाच्याच होत्या. आपल्याकडची बाजरीची म्हणा ना! बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थही 'भाकरीचे घर' असाच आहे.

एका ठिकाणी मात्र शब्द अडतो. तिकडे रोजच्या भाकरीत खमीर, म्हणजे आंबवलेले पीठ घालत. वल्हांडणाच्या सणाला तेवढी बेखमीर भाकर खायची, कारण मिसर देशातल्या गुलामीतून निघताना पीठ फुगायलाही वेळ नव्हता, अशी त्यामागची कथा. आपली भाकरी मुळातच बिनखमिराची. त्यामुळे त्यांची सणाची भाकर ती आपली रोजची झाली!

पण या शब्दाचा खरा अर्थ मला पुस्तकात नाही, आमच्या गावातल्या दारात सापडला. मी लहान असताना गावकीची कामे करणाऱ्या घरची एक म्हातारी संध्याकाळी अंगणाबाहेर उभी राही. आजी शिळी भाकर वरूनच तिच्या पदरात टाकी. आजी मायाळू होती, तरीही हात वरच असे. आणि मला त्यात काही वावगे वाटत नसे, हे आज लिहितानाही जड जाते.

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला 1831 साली सुरू झाले. 'ज्ञानोदय' 1842 मध्ये इथूनच निघाले. पुढे खेड्यापाड्यांतली अनेक महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली. येशू जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसतो, हा त्याच्यावरचा आरोप त्यांना कोणी समजावून सांगायला नको होता. रोटीव्यवहार म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? पदरात पडणारी भाकर आणि प्रभुभोजनात एकत्र बसून मोडलेली भाकर, शब्द एकच, पण अंतर केवढे!

जात तिथेही एका दिवसात गेली नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःच्या मनातले सोवळे-ओवळे सुटायला किती काळ लागला, ते मोकळेपणाने लिहिले आहे. 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी शिळ्या-उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा असे सांगितले. त्यामागेही हाच भाकरीचा प्रश्न होता.

आणखी एक गंमत. चर्चसाठी मराठी बायबलात शब्द आहे 'मंडळी'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोलावून जमवलेली सभा. आपण तो पंगतीला वापरतो: "मंडळी, सावकाश होऊ द्या."

नातवाला मी सांगितले, "ब्रेड म्हण की भाकर म्हण. पण गोष्ट वाचताना कोण कोणाबरोबर बसून खातो आहे, तेवढे बघत जा." तो म्हणाला, "आणि त्या आजीचे नाव काय होते?"

मला आठवत नाही. कदाचित मी कधी विचारलेच नव्हते.

असो. तुमच्या गावाकडच्या अशा आठवणी असतील तर जरूर लिहा.