हंटिंग्टनच्या आजाराकडे येताना

मेंदूच्या आनुवंशिक ऱ्हासरोगांचा अभ्यास कोठून सुरू करावा, असे कोणी विचारले तर मी आधी रेणूंचे नाव घेणार नाही, नॅन्सी वेक्स्लर यांचे घेईन. या बाई शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ. तेव्हा ‘आपल्याला जीवशास्त्र कुठे येते’ म्हणून वाचकाने हे पुस्तक मिटण्याचे कारण नाही.

1968 साली त्यांच्या आईला हंटिंग्टनचा आजार असल्याचे निदान झाले. लाँग आयलंडवर वाढलेल्या जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या डॉक्टरने 1872 मध्ये या आजाराचे वर्णन केले, ते वडिलांच्या आणि आजोबांच्या नोंदींच्या आधारे. तीन पिढ्यांचे डॉक्टर तीच घराणी पाहत आले होते. आवरता न येणाऱ्या हालचाली, बदललेला स्वभाव, ढासळत जाणारी बुद्धी. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीत दिसतात, म्हणजे पुष्कळदा मुलेबाळे झाल्यावर. नॅन्सी आणि त्यांची बहीण ॲलिस यांच्यापुढे हे गणित उभे राहिले. वडील मिल्टन मनोविश्लेषक होते. त्यांनी संशोधनासाठी संस्थाच काढली.

व्हेनेझुएलातल्या मराकायबो सरोवराकाठी, गरीब कोळी वस्त्यांत, हा आजार विलक्षण प्रमाणात आहे, हे अमेरिको नेग्रेते या तिथल्याच डॉक्टरने 1950च्या दशकात दाखवून दिले होते. इतिहास सांगताना त्यांचे नाव अनेकदा गळते, म्हणून इथे मुद्दाम घेतो. वेक्स्लर 1979 मध्ये तिथे गेल्या आणि 1981पासून दरवर्षी पथक घेऊन जाऊ लागल्या. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेली माणसे त्यांना हवी होती. अशांचा आजार अधिक तीव्र असेल, त्यातून काही धागा हाती लागेल, ही अपेक्षा. माणसे सापडली, अपेक्षा मात्र खोटी ठरली: त्यांचा आजार इतरांसारखाच होता. या जनुकाची एकच सदोष प्रत पुरेशी असते, हे त्यातून पक्के झाले.

रक्त द्यायला लोक सहजासहजी तयार नव्हते. वेक्स्लर यांनी स्वतःच्या दंडावरची, त्वचेचा नमुना काढल्याची खूण दाखवली: हा आजार माझ्याही घरात आहे. ही गोष्ट कोणत्याही संमतिपत्रापेक्षा मोलाची ठरली, असे मला वाटते. पुढे वंशावळीत 18,000 हून अधिक नावे आली आणि 4,000 हून अधिक रक्तनमुने जमले.

त्या नमुन्यांच्या जोरावर जेम्स गुसेला यांच्या गटाने 1983 मध्ये जनुकाचा ठिकाणा चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. इतक्या लवकर यश येईल, असे फार थोड्यांना वाटले होते. नेमके जनुक हाती यायला आणखी दहा वर्षे लागली. 1993चा तो शोधनिबंध 58 शास्त्रज्ञांच्या सामूहिक नावाने निघाला. श्रेयासाठी भांडणाऱ्या आपल्या क्षेत्रात ही दुर्मीळ गोष्ट. डीएनएमधली ‘सीएजी’ ही तीन अक्षरे या जनुकात लागोपाठ येतात. 35पर्यंत आवर्तने असली तर आजार होत नाही, 40 किंवा अधिक असली तर पुरेसे आयुष्य लाभल्यास तो होतोच.

चाचणी शक्य झाली, पण धोका असलेल्यांपैकी बहुतेक जण ती करून घेत नाहीत. उपाय नसताना जाणून काय करायचे, हा त्यांचा प्रश्न. त्याला भ्याडपणा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. वेक्स्लर यांनी 2020 मध्ये आपल्यालाही हा आजार असल्याचे जाहीर केले. मराकायबोत 1999 मध्ये रुग्णांसाठी सेवागृह सुरू झाले, पण ज्यांच्या रक्तावर हे शास्त्र उभे राहिले त्या वस्त्यांची फेड त्याने झाली, असे म्हणवत नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी काम भरपूर आहे. आवर्तनांची संख्या सारखी असूनही एकाला आजार लवकर होतो, दुसऱ्याला उशिरा, असे का? उत्तराचा काही भाग डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांत आहे: त्यांच्या कामातून मेंदूच्या काही पेशींमध्ये ही आवर्तने आयुष्यभर वाढत जातात. औषधांचा शोधही आता त्या बाजूला वळला आहे. हा भाग पुस्तकात शेवटी येतो आणि तो थोडा कठीण आहे. रेणूंची धास्ती वाटणाऱ्याने वंशावळींच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, आत काळे भरलेले म्हणजे आजारी, एवढे ठाऊक असले की ते वाचता येते.