बेल्जमचें अन्नछत्र

दान करणें हें पुण्यकर्म होय, असें लहानपणापासून सर्वांस सांगितलें जातें. परंतु दात्याच्या हातून सुटलेली वस्तु गरजवंताच्या घरीं सुखरूप पोंचविणें हें दान करण्याहूनहि कठीण काम आहे, इकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. क्षेत्राच्या ठिकाणीं अन्नछत्र चालतें, त्याची कीर्ति धनिकाच्या नांवानें होते; पण तें चालतें मात्र कोठीवर बसणाऱ्याच्या चोख हिशेबावर आणि वाढणाऱ्याच्या गोड शब्दावर. हीं दोन नसतील तर धान्याच्या राशी असूनहि पंगत उपाशी उठते. पहिल्या महायुद्धाच्या काळांत एका अख्ख्या राष्ट्रासाठीं चार वर्षांहून अधिक काळ असें एक अन्नछत्र चाललें. त्याची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

तें राष्ट्र म्हणजे बेल्जम. ता. ४ ऑगस्ट १९१४ रोजीं जर्मन सैन्य बेल्जमच्या सरहद्दींत घुसलें. ऑगस्टअखेर लूव्हें शहराचा मोठा भाग व तेथील विद्यापीठाचें जुनें ग्रंथालय जळालें, ऑक्टोबरांत अँटवर्प पडलें, आणि पश्चिमेकडील एक अरुंद पट्टी सोडली तर सारा देश शत्रूच्या ताब्यांत गेला. बेल्जम हा आकारानें लहान, पण दाट वस्तीचा व कारखानदारीचा देश. लोकवस्ती सुमारें ७५ लाख. कोळसा, पोलाद, कांच व कापड विकावें आणि धान्य विकत घ्यावें, असा त्याचा संसार होता. पावाला लागणाऱ्या धान्यापैकीं तीन-चतुर्थांशाच्या आसपास धान्य परदेशांतून येई. युद्ध सुरू होतांच कारखाने थंडावले, आगगाड्या सैन्याच्या कामीं लागल्या, ऐन सुगींत शेतांवरून पलटणी गेल्या, आणि समुद्रावर ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी बसली.

आतां या लोकांना जेवूं कोणीं घालावें? जर्मन म्हणत, “ब्रिटननें नाकेबंदी उठवावी, म्हणजे धान्य आपोआप येईल.” ब्रिटन म्हणे, “ज्यानें देश जिंकला, त्यानेंच तेथील प्रजा पोसावी, असा युद्धाचा कायदा आहे. आम्हीं धान्य धाडलें तर तें शत्रूच्या शिपायांच्या पोटांत जाईल.” दोघांचेंहि म्हणणें कागदावर बिनतोड होतें, पण कागदानें पोट भरत नाहीं. दोन्ही पक्षांचा ज्यांवर विश्वास बसेल असे तिसरेच लोक मध्यें पडल्याशिवाय गाडें पुढें सरकणें शक्य नव्हतें.

ब्रुसेल्स शहरांतील कांहीं पुढाऱ्यांनीं आपल्यापुरती एक साहाय्यक समिति आधींच काढली होती. सोड्याच्या कारखान्यांमुळें जगप्रसिद्ध झालेले अर्नेस्ट सॉल्वे हे तिचे अध्यक्ष, आणि एमिल फ्रांकी हे पेढीच्या व्यवहारांत मुरलेले गृहस्थ तिचे खरे चालक. अमेरिकेचे वकील ब्रँड व्हिटलॉक व स्पेनचे वकील मार्क्विस व्हिलालोबार या तटस्थ मुत्सद्द्यांनीं तिला आश्रय दिला. समितीला पैसा उभा करतां येई. पण धान्य आणावयाचें कोठून आणि कोणाच्या हमीवर? हा प्रश्न लंडनमध्यें हर्बर्ट हूवर यांच्यापुढें आला. हूवर हे त्या वेळीं चाळीस वर्षांचे. लहानपणींच आईबापांवांचून पोरके झालेले, क्वेकर पंथांतले, आणि खाणींच्या धंद्यांत स्वकष्टानें पैसा मिळविलेले इंजिनियर. युद्ध सुरू झालें तेव्हां युरोपांत अडकून पडलेल्या हजारो अमेरिकन प्रवाशांना स्वदेशीं पोंचविण्याचें काम त्यांनीं नुकतेंच पार पाडलें होतें. ता. २२ ऑक्टोबर १९१४ रोजीं त्यांच्या अध्यक्षतेखालीं बेल्जम-साहाय्य-मंडळाची स्थापना झाली. या कामाबद्दल त्यांनीं वेतन म्हणून कांहींहि घेतलें नाहीं.

मंडळानें दोन्ही पक्षांकडून लेखी अटी बांधून घेतल्या. बाहेरून आलेल्या धान्याला जर्मन सैन्य हात लावणार नाहीं, अशी हमी जर्मन गव्हर्नर-जनरल फॉन डेर गोल्ट्स यानें दिली. आणि ती पाळली जाते कीं नाहीं हें तटस्थ माणसें डोळ्यांनीं पाहतील, या अटीवर ब्रिटननें जहाजें सोडण्याचें मान्य केलें. तरीहि ब्रिटिश मंत्रिमंडळांत विरोध होताच. शत्रूच्या मुलखांत अन्न धाडणें म्हणजे शत्रूचें ओझें हलकें करणें, असें तेथील कित्येकांचें मत होतें. लॉइड जॉर्ज हेहि प्रथम विरुद्ध होते. १९१५ च्या आरंभीं हूवर यांनीं त्यांची समजूत घातली. म्हणजे या अन्नछत्राचें अस्तित्व एका वचनावर लोंबकळत होतें: एक पोतेंभर पीठ जर्मन छावणींत गेल्याचें सिद्ध झालें असतें, तर दुसऱ्या दिवशीं जहाजें थांबलीं असतीं आणि लाखो मुलें उपाशी राहिलीं असतीं. हिशेब चोख ठेवणें ही येथें जीवनमरणाची गोष्ट होती.

धान्य येई अमेरिकेंतून व इतर देशांतून. जहाजांच्या दोन्ही कुशींवर मंडळाचें नांव दुरून वाचतां येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगविलेलें असे. तीं हॉलंडांतील रॉटरडॅम बंदरास लागत. तेथें माल कालव्यांतून चालणाऱ्या सपाट होड्यांत चढवीत, होड्यांना मोहरा लावीत, आणि मग त्या बेल्जमच्या अंतर्भागांत वखारींकडे निघत. देखरेखीसाठीं अमेरिकन तरुण नेमले होते. त्यांतले पहिले बरेचसे ऑक्सफर्ड येथें शिष्यवृत्तीवर शिकणारे विद्यार्थी होते. पगार नाहीं, फक्त खर्चापुरते पैसे. आणि मनांत कांहींहि असलें तरी युद्धाविषयीं शब्द न बोलण्याचें बंधन. त्यांची संख्या एका वेळीं जेमतेम तीसचाळीस. ते वखारी मोजीत, चिठ्ठ्या ताडून पाहत आणि तक्रारींचा तपास करीत.

परंतु प्रत्यक्ष वांटपाचा भार वाहिला तो बेल्जमच्याच स्त्री-पुरुषांनीं. मध्यवर्ती समितीखालीं प्रांतांच्या समित्या, त्यांखालीं गांवोगांवच्या समित्या, अशी उतरंड रचलेली होती. तींत राबणाऱ्या स्वयंसेवकांची संख्या चाळीस हजारांच्या घरांत होती. गांवसमितीकडून पीठ पाववाल्याकडे जाई. त्यानें किती पिठाचे किती पाव करावयाचे हें ठरलेलें असे. प्रत्येक कुटुंबाला पत्रिका दिलेली असे, ती दाखवून माणशीं ठराविक पाव मिळे. आरंभीं हें प्रमाण दररोज माणशीं सुमारें २५० ग्रॅम पीठ, म्हणजे अर्ध्या पौंडाहून किंचित् अधिक, एवढें होतें.

कामाचे दोन विभाग केलेले होते, आणि या योजनेचें मर्म त्यांतच आहे. पहिला विभाग पुरवठ्याचा. ज्याला पैसे देणें शक्य आहे त्यानें पैसे देऊनच पाव घ्यावा, असा त्याचा नियम. त्यांतून जो थोडा नफा राही तो दुसऱ्या, म्हणजे साहाय्याच्या विभागाकडे जाई. आणि त्यांतून निष्कांचनांना फुकट अन्न मिळे. अशा रीतीनें श्रीमंताच्या पावांतूनच गरिबाच्या पावाची किंमत निघे, आणि देशांतले सारेच एका कोठाराचे आश्रित झाल्यामुळें कोणालाच कोणापुढें मान खालीं घालावी लागत नसे. सूपवांटपाच्या केंद्रांपुढें लोक भांडीं घेऊन रांगा लावीत. मुलांसाठीं निराळीं उपाहारगृहें असत. ब्रुसेल्समध्यें मुलांच्या जेवणाची व्यवस्था ‘चिमुकल्या मधमाशा’ अशा अर्थाचें नांव असलेलें एक मंडळ पाहत असे.

मध्यम वर्गाचा प्रश्न याहून नाजूक होता. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार, पेन्शनवर जगणाऱ्या विधवा यांनीं सारा जन्म कोणापुढें हात पसरला नव्हता. भांडें घेऊन रांगेंत उभें राहण्यापेक्षां दार लावून उपाशी निजणें त्यांना सोपें वाटे. अशा कुटुंबांसाठीं गुप्त साहाय्याची निराळी शाखा काढण्यांत आली. ओळखीची, तोंडाची मिठ्ठास असलेली बाई सहज भेटीला म्हणून घरीं जाई, परिस्थिति पाही, आणि मदत गाजावाजा न होतां पोंचती करी. ‘या हाताचें त्या हाताला कळूं नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या बायकांनीं ती शब्दशः पाळली. मात्र वहींत नोंद केल्याशिवाय त्यांनीं कांहींहि दिलें नाहीं. शेजाऱ्याला कळूं न देणें आणि हिशेबनिसाला कळविणें, हीं दोन्ही कर्तव्यें एकाच माणसाला एकाच वेळीं पाळतां येतात, हें त्यांनीं दाखविलें.

कपड्यांचीहि अशीच व्यवस्था होती. परदेशांतून आलेले जुने कपडे तसेच वांटीत नसत. मोठमोठ्या दालनांत शिवणशाळा उघडल्या होत्या; तेथें बेकार झालेल्या स्त्रिया ते धुऊन, उसवून, नव्यानें बेतून शिवीत आणि मजुरी घेत. अंगावर येणारा कपडा धड असे, आणि तो शिवणारीच्या घरांत चार पैसे जात. बेल्जमच्या प्रसिद्ध लेस विणणाऱ्या स्त्रियांसाठीं मंडळानें परवानगीनें सूत आणविलें आणि तयार झालेली लेस परदेशीं विकली.

या सर्वांत रिकाम्या पोत्यांची कथा सर्वांत बोलकी आहे. अमेरिकेंतील गिरणीवाल्यांनीं बेल्जमसाठीं पीठ द्यावें, असें आवाहन मिनिआपोलिस येथील एका गिरणी-व्यवसायाच्या पत्राचे संपादक विल्यम एडगर यांनीं केलें. पीठ ४९ पौंडांच्या मजबूत सुती पोत्यांत भरावें, म्हणजे रिकामें झाल्यावर त्या कापडाचा घरांत उपयोग होईल, अशी सूचना त्यांत होती. १९१५ च्या आरंभीं ‘साउथ पॉइंट’ हें जहाज तें पीठ घेऊन निघालें व रॉटरडॅमला सुखरूप पोंचलें. परतीच्या वाटेवर, ता. २७ मार्च १९१५ रोजीं, तेंच जहाज जर्मन पाणबुडीनें बुडविलें.

पीठ संपलें, पोतीं उरलीं. कापूस हा स्फोटक दारूच्या कामीं येतो. तेव्हां तीं पोतीं जर्मनांच्या हातीं पडूं नयेत अशी खबरदारी घेणें भाग होतें. शिवाय अमेरिकन गिरणीचें नांव असलेल्या पोत्यांत भेसळीचें पीठ भरून विकण्याचा धोकाहि होता. म्हणून पाववाल्यांकडून रिकामीं पोतीं मोजून परत घेत आणि शाळा, मठ व शिवणशाळा यांना वांटीत. त्यांतून मुलांचे झगे, उशांचे अभ्रे, पिशव्या तयार झाल्या. कांहीं स्त्रियांनीं व शाळकरी मुलींनीं मात्र त्यांवर वेगळेंच काम केलें. गिरणीचें व गांवाचें छापील नांव तसेंच ठेवून त्यावर रंगीत रेशमानें भरतकाम केलें, कडेनें लेस लावली, आभाराचे शब्द टांकले, आणि तीं पोतीं अमेरिकेला परत पाठविलीं. कित्येकांची तेथें विक्री होऊन तो पैसा पुन्हां याच कामीं आला. घेणारीनें रिकामें पोतें भरून परत केलें, असेंच म्हटलें पाहिजे.

हिशेबाच्या वह्यांवर एक कठीण प्रसंगहि आला. १९१६ च्या हिंवाळ्यांत जर्मनांनीं बेल्जमचे बेकार मजूर जबरीनें कामाला नेण्यास आरंभ केला, आणि गांवोगांव बेकारांच्या याद्या मागितल्या. ज्या याद्या भाकरीसाठीं केल्या, त्या गुलामगिरीसाठीं द्यावयाच्या काय? अनेक नगराध्यक्षांनीं व अधिकाऱ्यांनीं त्या देण्याचें साफ नाकारलें आणि त्याबद्दल तुरुंगवास पत्करला. तरीहि सुमारें १,२०,००० मजूर नेले गेले. गरजवंतांची यादी ही विश्वासानें दिलेली ठेव असते, ती कोणाला दाखवावी आणि कोणापासून लपवावी हेंहि वांटप करणाऱ्याला कळावें लागतें, हा धडा त्या हिंवाळ्यानें दिला.

फेब्रुवारी १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनीं सरसहा जहाजें बुडविण्यास सुरुवात केली. त्यांत मंडळाचींहि जहाजें गेलीं. एप्रिलांत अमेरिका युद्धांत उतरली आणि अमेरिकन प्रतिनिधींना बेल्जम सोडावें लागलें. त्यांची जागा स्पॅनिश व डच प्रतिनिधींनीं घेतली, आणि काम थांबलें नाहीं. १९१५ पासून उत्तर फ्रान्सच्या व्याप्त भागांतील सुमारें २० लाख लोकांचा भारहि याच मंडळावर होता. १९१९ पर्यंत सुमारें ५० लाख टन माल पोंचविण्यांत आला. खासगी देणग्या एकूण खर्चाच्या मानानें थोड्याच होत्या. मोठा वांटा ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका या सरकारांनीं उचलला. पण लोकांच्या पोत्यांनीं वाट मोकळी केली नसती, तर सरकारांच्या थैल्या त्या वाटेनें आल्या असत्या कीं नाहीं याची शंकाच आहे. व्यवस्थेचा खर्च शेंकडा एकाहूनहि कमी आला. शेवटीं जी शिल्लक उरली तिच्यांतून बेल्जमच्या विद्यापीठांना मदत झाली व १९२० मध्यें शिष्यवृत्त्यांचा निधि स्थापन झाला. विश्व प्रसरण पावत आहे असें १९२७ मध्यें मांडणारे शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र हे या शिष्यवृत्तीवर अमेरिकेंत शिकलेले होते.

हूवर पुढें १९२९ त अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षीं मंदीची लाट आली, आणि परदेशच्या भुकेल्यांना अन्न देणाऱ्या या गृहस्थाचें नांव त्याच्याच देशांतील बेघरांच्या झोपड्यांना कुचेष्टेनें देण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर जगावर अन्नटंचाई ओढवली, तेव्हां १९४६ मध्यें ते अनेक देशांची पाहणी करीत हिंदुस्थानांतहि येऊन गेले. मोठ्या माणसाच्या वांट्याला यश आणि अपयश दोन्हीं येतात, व इतिहासांत दोन्हींची नोंद होते. त्या चाळीस हजार वांटणाऱ्यांची मात्र नांवनिशी कोणाला ठाऊक नाहीं.

हूवर यांच्या जन्मगांवीं, आयोवा संस्थानांतील वेस्ट ब्रँच येथें, त्यांच्या नांवाच्या संग्रहालयांत भरतकाम केलेलीं तीं पोतीं आजहि जपून ठेवलेलीं आहेत. त्यांवर छापील नांव देणाऱ्या गिरणीचें आहे, रेशमी टांका घेणारीचा आहे; आणि हीं दोन ज्यांनीं एकत्र आणलीं, त्या पोतीं मोजणाऱ्या, होड्या उतरविणाऱ्या, दारोदार जाणाऱ्या माणसांची खूण त्यांवर कोठेंच नाहीं. मात्र त्यांनीं मोजण्यांत चूक केली असती, तर त्यांतलें एकहि पोतें तेथें पोंचलें नसतें.