सभेची जागा

शहराच्या मध्यभागी नवे सांस्कृतिक भवन उभे राहणार अशी घोषणा झाली की मजले किती, खुर्च्या किती आणि खर्च किती कोटींचा, हे आकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात. त्या भवनात सभा कोणाला घेता येईल, किती भाडे देऊन, आणि जागा नाकारण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहील, याविषयी मात्र कोणी बोलत नाही. मुंबईच्या परळ-दादर भागात जुन्या वास्तू पाडून नव्या बांधण्याच्या ज्या योजना अलीकडे पुढे आल्या, त्या या प्रश्नाच्या कसोटीवर तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण सभेसाठी जागा मिळवणे ही दलित चळवळीच्या इतिहासात केवळ व्यवस्थेची बाब कधीच नव्हती. तो लढ्याचाच एक भाग होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून आपले तळेही खुले केल्याचे जाहीर केले. पण १९ व २० मार्च १९२७ रोजी त्याच महाडात बहिष्कृतांची परिषद भरली तेव्हा प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची ठरली, तर मंडप घालण्यासाठी कोणी सवर्ण जमीन देईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, ते या परिषदेत. ज्या घटनेचे नाव आज आपण अभिमानाने घेतो, तिला गावात पाय टेकण्यापुरती जमीन मिळणेही दुरापास्त होते, हे विसरून चालणार नाही. चवदार तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत १७ मार्च १९३७ उजाडले. ‘सार्वजनिक’ हा शब्द ठरावात लिहिला म्हणून जागा सार्वजनिक होत नाही, हा महाडचा धडा आहे.

मुंबईत परिस्थिती थोडी निराळी होती. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल परळच्या गिरणगावात होता. ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी तेथे सभा बोलावली. त्या विचारविनिमयातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिची कचेरीही दामोदर हॉलमध्येच थाटली गेली. चळवळीला पत्ता मिळाला. पत्ता असला की अर्ज येतात, वर्गणी येते, खेड्यातला माणूस विचारीत विचारीत पोचतो. पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. दामोदर हॉल आपल्या मालकीचा नव्हता. पण त्याचे दार आपल्यासाठी उघडे होते. त्याच वास्तूच्या रंगमंचावर पुढे कामगार रंगभूमी वाढली, कोकणातल्या चाकरमान्यांचे नमन-खेळे झाले. दिवसभर साच्यावर राबणारा माणूस संध्याकाळी तेथे नट होत होता.

पण उसन्या जागेवर चळवळ कायम राहू शकत नाही. मंडपावरही राहू शकत नाही. ३० व ३१ मे १९३६ रोजी नायगावला महार परिषद भरली. धर्मांतराचा विचार बाबासाहेबांनी तेथे सविस्तर मांडला. अशा परिषदेला मंडप पुरतो. परिषद संपली की तो उतरवतात. छापखान्याला, ग्रंथांना, हिशोबाच्या वह्यांना मात्र कायमचे छप्पर लागते. म्हणूनच दादरच्या गोकुळदास पास्ता लेनमध्ये न्यासाच्या मालकीची जागा झाली, आंबेडकर भवन उभे राहिले, तेथे बुद्धभूषण छापखाना चालला. १९३० साली निघालेल्या ‘जनता’चे ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्या पत्राचे नाते या छापखान्याशी आहे.

हे भवन २५ जून २०१६ च्या पहाटे, अंधारात, यंत्रे लावून पाडण्यात आले. छापखानाही वाचला नाही. इमारत धोकादायक झाली आहे आणि तिच्या जागी सतरा मजली भवन बांधायचे आहे, असे कारण देण्यात आले. १९ जुलै २०१६ रोजी प्रचंड मोर्चा निघाला. या प्रकरणातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी की पाडणारे परके नव्हते. कारवाई न्यासाच्याच बाजूने झाली होती. जागा नाकारणारा सवर्ण जमीनदार आपल्याला ओळखता येतो. विकासाचा नकाशा हाती घेऊन आलेला आपला माणूस ओळखायला वेळ लागतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी दामोदर नाट्यगृह बंद झाले आणि नव्या नाट्यगृहाची जागा व आकार यांवरून कलावंत रस्त्यावर आले. १ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध लोकांचा उद्रेक झाला आणि शासनाला ते काम थांबवावे लागले. या तीनही ठिकाणी प्रश्न सुधारणेला विरोध करण्याचा नव्हता. जुन्या वास्तू गळतात. स्वच्छतागृहे नीट नसली की स्त्रिया सभेला यायच्या थांबतात. नवे बांधलेच पाहिजे. पण ज्यांच्यासाठी बांधायचे त्यांना आराखडा ठरून गेल्यावर कळतो, हा क्रम उलटा आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. अस्पृश्यतेने दार बंद केले होते, तेच काम आता भाड्याचा दर करू शकतो. वातानुकूलित सभागृह झाले की भाडे वाढते, अनामत वाढते आणि वस्तीतले महिला मंडळ, विद्यार्थी संघटना, जलसा करणारे शाहीर आपोआप बाहेर राहतात. त्यांना कोणी हाकलून दिलेले नसते. म्हणून दाद तरी कोणाकडे मागायची? भवनाला बाबासाहेबांचे नाव द्यायचे आणि आत लग्नसमारंभ व कंपन्यांचे मेळावे भरवायचे, हा प्रकार आपण खपवून घेणार आहोत काय?

म्हणून नव्या भवनाची मागणी करताना आपण चार गोष्टी लेखी मागितल्या पाहिजेत. जुनी वास्तू पाडण्याआधी आराखडा लोकांसमोर मांडला जावा. काम चालू असेपर्यंत पर्यायी जागा मिळावी. महिन्यातल्या ठराविक संध्याकाळी नाममात्र भाड्यात छोट्या संस्थांना राखून ठेवाव्यात. आणि जागा कोणाला दिली, कोणाला नाकारली व का, याची नोंदवही कोणालाही पाहता यावी. ही वही सतराव्या मजल्यापेक्षा महत्त्वाची आहे. महाडला १९२७ साली अशी वही असती, तर जमीन देऊ न शकलेल्यांची नावे तिच्यात पानभर भरली असती आणि देणाऱ्याचे नाव एका ओळीत मावले असते. नव्या भवनाच्या वहीत काय लिहिले जाईल, हे कोनशिला बसण्यापूर्वी ठरले पाहिजे.