जैनदचा शिलालेख

ग्रामेतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा दोनच साधने लागतात : वृद्धांच्या तोंडची परंपरा आणि देवळातील दगड. आदिलाबादपासून सुमारे २० किलोमीटरवरील जैनद या गावी ही दोन्ही साधने आहेत; परंतु त्यांचा परस्परांशी मेळ बसत नाही.

पैनगंगेच्या दक्षिणेस, कापसाच्या काळ्या जमिनीत हे गाव वसले आहे. येथील लक्ष्मीनारायणाचे दगडी मंदिर पंचक्रोशीचे श्रद्धास्थान होय. ते मूळचे जैनांचे असावे, असा तर्क गावाच्या नावावरून कोणी करतात. मंदिर पल्लव राजाने बांधले व तेथील लेख प्राकृत आहे, असेही माहितीपत्रकांतून छापले जाते.

ही दोन्ही मते आम्हांस मान्य नाहीत. लेख संस्कृत असून त्याचा आरंभ सूर्यवंदनाने होतो. उदयादित्याचा पुत्र व भोजाचा पुतण्या जो परमार जगद्देव, त्याची प्रशस्ती त्यात आहे. जगद्देवाचा दाहिमवंशीय अधिकारी लोलार्क याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देवालय उभारले, असे तो सांगतो. पल्लवांची सत्ता तर याच्या दोन शतके आधीच मावळली होती.

माळव्याचा राजपुत्र इकडे कसा आला? यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावचा शके १०३४ (इ. स. १११२) चा लेख याचे उत्तर देतो. पित्याने देऊ केलेले राज्य वडील बंधूसाठी सोडून जगद्देव कुंतलाधिपतीकडे गेला. हा कुंतलाधिपती म्हणजे चालुक्य सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) होय.

आजचे मंदिर तेच पद्मावतीचे देवालय, असे एवढ्यावरून ठरत नाही. तथापि वर्षातून ठरावीक दिवशी सूर्यकिरण देवाच्या चरणी पडतात, असे गावकरी आवर्जून सांगतात. परंपरा निंबादित्याचे नाव विसरली. सूर्याला मात्र विसरली नाही.

१९५६ साली किनवट व राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघाले. जैनद आंध्र प्रदेशात व २०१४ पासून तेलंगणात राहिले. सीमा बदलल्या, तरी येथील घरांतून मराठी व तेलुगू दोन्ही नांदतात. म्हणून या लेखाचा अर्थ दोन्ही भाषांत मंदिरापाशी लावला जावा, असे आम्हांस वाटते. दाराशीच असलेला पुरावा मुलांना वाचता येऊ नये आणि चुकीची माहिती मात्र पाठ व्हावी, ही गोष्ट कोणत्याही शिक्षकास शोभणारी नाही.